निदान आणि स्पर्श : प्लेगच्या मराठी कथनातील अनुपस्थित डॉक्टर

वैद्यकीय थरारकथा हा प्रकार मराठी वाचकाला प्रामुख्याने अनुवादांच्या वाटेने परिचित झाला. रॉबिन कुक यांच्या 'कोमा' (१९७७) आणि 'आउटब्रेक' (१९८७) या कादंबऱ्यांनी जो साचा रूढ केला तो आता सर्वज्ञात आहे. एक डॉक्टर इतरांना न दिसलेले चिन्ह ओळखतो, त्याचा अर्थ लावतो, आणि तो अर्थ दडपू पाहणाऱ्या सत्तेशी त्याला काळाच्या चढाओढीत झुंजावे लागते. गंभीर कादंबरीनेही हा साचा त्याज्य मानलेला नाही. आल्बेर काम्यू यांच्या 'ला पेस्त' (१९४७) मधील डॉक्टर रिये रोगाचे नाव उच्चारण्यास कचरणाऱ्या प्रशासनासमोर उभा राहतो. आणि तोच कथेचा निवेदक होता, हे कादंबरीच्या शेवटी उघड होते. ओरहान पामुक यांच्या २०२१ सालच्या प्लेगविषयक कादंबरीत तर साचा उघडपणेच स्वीकारलेला आहे. १९०१ सालचे एक काल्पनिक ऑटोमन बेट, सुलतान अब्दुल हमीदने धाडलेला आरोग्य-निरीक्षक, त्याचा खून, आणि त्याच्या जागी आलेल्या डॉक्टर नुरीने शेरलॉक होम्सच्या पद्धतीने खुनी शोधावा ही सुलतानाची इच्छा. रोगनिदान आणि गुन्हेशोध या एकाच बौद्धिक कुळातील क्रिया आहेत, हे कार्लो गिंझबुर्ग यांनी १९७९ साली एका निबंधात दाखवले होतेच. होम्सचा निर्माता स्वतः डॉक्टर होता आणि होम्सचा नमुना त्याला आपल्या वैद्यकशिक्षकात सापडला होता.

पामुक यांनी जे बेट कल्पनेने रचले, ते वास्तवात मुंबई इलाख्यात १८९६-९७ साली उपस्थित होते. साथ तीच, काळ जवळजवळ तोच, सत्ता परकी आणि निरंकुश, शिवाय एक खूनही. असे असूनही मराठी साहित्याच्या मुख्य प्रवाहात या घटितातून डॉक्टरकेंद्री कथन प्रतिष्ठित झाले नाही. ही उणीव आपल्या कादंबरीच्या दारिद्र्याच्या खात्यावर टाकून मोकळे होण्याची सवय समीक्षेला आहे. प्रस्तुत निबंधाचे म्हणणे वेगळे आहे. थरारकथेचा साचा 'निदान' या क्रियेवर उभा असतो. प्लेगचे मराठी कथन 'स्पर्श' या क्रियेवर उभे राहिले. आणि या दुसऱ्या कथनात डॉक्टरला नायकाची जागा मिळणे ऐतिहासिकदृष्ट्या शक्यच नव्हते.

प्रथम निदानाची बाजू पाहू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागातील तापाचे रुग्ण तपासताना डॉ. आकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे ओळखले. व्हिएगस मूळचे गोव्यातील हडफड्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर आणि महानगरपालिकेचे सभासद. त्यांचे निदान महापालिकेच्या स्थायी समितीपुढे आले तेव्हा ते निमूटपणे मान्य झाले नाही, यात नवल नाही. प्लेग हा शब्द उच्चारणे म्हणजे बंदराचा व्यापार धोक्यात घालणे होते. १८९७ च्या आरंभी व्हेनिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत हिंदुस्थानातून येणाऱ्या माल-माणसांवरील निर्बंधांचा प्रश्न ऐरणीवर आलाच. थरारकथेला लागणारी सामग्री येथे परिपूर्ण आहे. तिच्यात आणखी भर घातली ती मूळच्या ओडेसाच्या वाल्डेमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत येऊन त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रयोगशाळा मांडली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेल्या एकोणीस जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला, हाफकिन यांच्यावर ठपका आला, आणि त्यातून त्यांची मुक्तता व्हायला १९०७ साल उजाडले. पश्चिमेत एखाद्या कादंबरीकाराने या आयुष्याचे तीन खंड केले असते. आपल्याकडे व्हिएगस यांचा मुंबईत धोबीतलावाजवळ पुतळा आहे आणि हाफकिन यांच्या नावाची संस्था परळला आहे. स्मारके झाली, कथा झाली नाही.

कारण निदान होताच कथेची सूत्रे डॉक्टरच्या हातून निसटली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही एक संहिता म्हणून वाचावा असा आहे. त्यातील दुसरे कलम शासनाला आवश्यक वाटेल तो उपाय योजण्याची मुभा देते, तिसरे आज्ञाभंगाला शिक्षा सांगते आणि चौथे सद्भावनेने कृती करणाऱ्यास न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण देते. रुग्ण हा शब्दाचा कर्ता म्हणून या संहितेत कोठेही नाही. आहे तो केवळ तपासले जाणारे शरीर म्हणून. रेल्वे प्रवाशांची तपासणी आणि संशयितांना वेगळे ठेवणे यांचा तर कायद्यात स्पष्ट निर्देश आहे. (हा कायदा पुढे सव्वाशे वर्षे टिकला. २०२० साली करोनाच्या साथीत त्यात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवरील हिंसा हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरला. संरक्षणाचे कवच अधिकाऱ्यावरून डॉक्टरपर्यंत पोचायला लागलेला हा काळ आपल्या विषयाशी अगदीच असंबद्ध नाही.)

पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि मार्च १८९७ पासून गोऱ्या सैनिकांकरवी घरझडती सुरू झाली. या समितीत सर्जन-कॅप्टन बेव्हरिज हे डॉक्टर होते, आणि हाँगकाँगच्या १८९४ च्या प्लेगचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. म्हणजे पुण्याच्या प्लेगकथेत डॉक्टर नव्हता असे नाही. तो समितीत होता. मिशेल फुको यांनी १९७५ साली सतराव्या शतकातील प्लेगग्रस्त शहराचे जे वर्णन केले, त्यात घराघराची नोंद, रस्त्यारस्त्यावर पहारा आणि प्रत्येक शरीराची गणती आहे. ते वर्णन पुण्याला तंतोतंत लागू पडते असे आपल्याकडील अभ्यासक म्हणतात. ते एका मर्यादेपर्यंत मान्य करावे. परंतु फुकोच्या शहरात शिस्तीचे साधन 'दृष्टी' आहे. पुण्यातील गाऱ्हाणे दृष्टीचे नव्हते. सैनिक बुटांसह देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरले, भांड्यांना हात लावला, परपुरुषाने बायकांच्या काखा व जांघा चाचपल्या, हे ते गाऱ्हाणे होते. जातिव्यवस्थेने ज्या समाजात स्पर्शाचे सूक्ष्म शास्त्र रचले होते, तेथे सत्ता प्रथम स्पर्श म्हणून अनुभवाला आली. फुकोची परिभाषा उचलताना हा फरक विसरला गेला की मराठी अनुभव युरोपीय अनुभवाची शाखा बनून जातो.

येथे एक उपरोध नोंदवायला हवा. आयुर्वेदाच्या परंपरेत रोगपरीक्षेची तीन अंगे सांगितली आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. वैद्य पाहतो, स्पर्श करतो आणि विचारतो. १८९७ च्या व्यवस्थेने पहिली दोन ठेवली आणि तिसरे अंग गाळले. प्रश्न विचारला असता तर कदाचित उत्तरही मिळाले असते. उंदीर पडू लागले की घर सोडून शेतात राहायला जावे, हे शहाणपण त्या पिढीच्या लोकांनी साथीच्या अनुभवातून फार लवकर आत्मसात केले होते. पिसू हा दुवा पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवला, आणि तोही अधिकृत वैद्यकाने लगेच स्वीकारला नाही. म्हणजे रँड यांची समिती माणसांची शरीरे चाचपत होती त्या वेळी रोगाचा वाहक धान्याच्या कोठीमागे मरून पडत होता, आणि त्याचा अर्थ घरातल्या बाईला कळत होता. काम्यू यांच्या कादंबरीत मेलेल्या उंदरावर प्रथम डॉक्टरचा पाय पडतो. मराठी घरात तो प्रथम केरसुणीला लागला. चिन्हवाचनाचा मान डॉक्टरकडे नव्हताच, तर डॉक्टर-नायकाची कथा कशावर उभी राहणार?

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. या क्षणापासून प्लेगची कथा ही हत्येची कथा झाली. १९७९ साली जयू आणि नचिकेत पटवर्धन यांनी केलेल्या चित्रपटाचे नावच मुळी ती तारीख आहे. परंतु ज्याला आपण या कथेचा मूळ निवेदक मानतो त्या दामोदर हरी चापेकर यांचे तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त बारकाईने पाहिले तर प्लेग तेथे बराच उशिरा येतो. त्याआधी तालीम आहे, सुधारकांवरचा राग आहे, मुंबईतील राणीच्या पुतळ्याला डांबर फासण्याचा प्रसंग आहे. शस्त्र उचलण्याची कथा आधीच सुरू झालेली होती. प्लेगने तिला प्रसंग पुरवला. नंतरच्या पुनर्कथनांनी हा क्रम उलटा केला आणि प्लेगच्या जुलमाला हत्येचे एकमेव कारण ठरवले. राष्ट्रीय स्मृतीला कार्यकारणाची अशी सरळ रेषा लागते, हे समजण्यासारखे आहे. समीक्षेने मात्र ती रेषा जशीच्या तशी गिरवण्याचे कारण नाही.

टिळकांवरील खटला तर अधिकच बोलका आहे. सर्वसामान्य समजुतीत प्लेगवरील अग्रलेखांसाठी त्यांना शिक्षा झाली असे असते. वस्तुतः राजद्रोहाचा आरोप १५ जून १८९७ च्या 'केसरी'त आलेल्या शिवराज्याभिषेक उत्सवाच्या मजकुरावर होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी राजद्रोहाच्या कलमातील कळीच्या शब्दाचा अर्थ 'प्रीतीचा अभाव' असा लावला. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी आणि तीन हिंदी सभासदांनी निर्दोष असे मत दिले, आणि १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. संहितेच्या पृष्ठभागावरील विधानांपलीकडे जाऊन लेखकाच्या मनातील सुप्त विकाराचे लक्षण शोधायचे, ही वाचनपद्धती मुळात वैद्यकाची आहे. मांडवीत डॉक्टरने गाठ पाहून रोग ओळखला, आणि एका वर्षात न्यायालय अफझलखानाच्या वधावरील भाषणे पाहून अप्रीती ओळखू लागले. निदानाची क्रिया सत्तेने अशी संपूर्णपणे ताब्यात घेतल्यावर ती मराठी लेखकाला नायकाच्या हाती द्यावीशी वाटली नाही, तर दोष कोणाचा? याच टिळकांनी पुणे न सोडता हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ चालवले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत येते, पण खटल्याच्या तेजापुढे तिचा प्रकाश मंद पडतो.

आता स्पर्शाचे दुसरे टोक. १० मार्च १८९७ रोजी, म्हणजे पुण्यात झडत्या सुरू होण्याच्या सुमारास, सावित्रीबाई फुले यांचा प्लेगने मृत्यू झाला. मुंढव्याच्या महारवस्तीतील पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपला दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोचल्या आणि त्या स्पर्शातून त्यांना बाधा झाली, असे परंपरा सांगते. मराठी कथनातील प्लेगची ही दुसरी महान प्रतिमा. पुण्याच्या पेठांतील कथेत स्पर्श हा अपमान आहे. येथे अस्पृश्य मानलेल्या मुलाला केलेला स्पर्श हाच पराक्रम आहे. दोन्ही कथा परस्परांना जणू ओळखत नाहीत. एकीचा वाचकवर्ग दुसरीच्या वाचकवर्गाहून अनेक दशके वेगळा राहिला, हे आपल्या वाङ्मयेतिहासाचे दुखणे आहे. मला येथे लक्ष वेधायचे आहे ते डॉ. यशवंत यांच्याकडे. थरारकथेला हवा असलेला डॉक्टर हाच नव्हे का? सैन्यात नोकरी केलेला, गावाबाहेर माळावर दवाखाना थाटलेला, जोतीरावांचा वारस, आईच्याच देहावर साथीचे लक्षण पाहणारा. पण आपल्या स्मृतीत तो दवाखाना म्हणजे सावित्रीबाई जिथे पोचल्या ते ठिकाण, आणि यशवंत म्हणजे तिथे असलेला मुलगा. कथेचा प्रकाश वाहून नेणाऱ्या पाठीवर पडला, तपासणाऱ्या हातावर नाही.

हा नियम केवळ प्लेगपुरता नाही. मराठीत सर्वांत प्रसिद्ध डॉक्टर-चरित्रकादंबरी म्हणजे श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' (१९६८). तिची नायिका पदवी घेऊन परतते आणि १८८७ साली, स्वतंत्रपणे व्यवसाय सुरू करण्याआधीच, मृत्यू पावते. याउलट डॉ. रखमाबाई यांनी लंडनहून परतल्यावर सुरतेत दीर्घकाळ रुग्णसेवा केली, प्लेगचे दिवसही पाहिले; परंतु मराठी मनात त्या उरल्या त्या दादाजी भिकाजींच्या खटल्यातील प्रतिवादी म्हणून. आपल्याला डॉक्टर होऊ पाहणारी स्त्री दिसते, डॉक्टर असलेली स्त्री दिसत नाही. आत्मचरित्रांत प्लेग येतो तोही बहुधा स्थलांतराचे निमित्त म्हणून. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १९०० साली हिंगण्याला गेला तो प्लेगमुळे, आणि महाराष्ट्राच्या शिक्षणेतिहासातील एक तीर्थस्थान अशा रीतीने साथीने निर्माण केले.

पुण्यापेक्षा वेगळी, स्वकीय सत्ता जेथे होती त्या कोल्हापुरात तरी चित्र निराळे दिसावे, अशी अपेक्षा होते. शाहू छत्रपतींनी १८९४ साली अधिकार हाती घेतले, आणि पहिल्याच दशकात दुष्काळ आणि प्लेग या दोन्ही आपत्तींनी संस्थानाला घेरले. राजाची सत्ता ही देखील लोकनियुक्त नव्हती, हे भावनेच्या भरात आपण विसरतो. तिच्यावर पोलिटिकल एजंटाचा अंकुश होता, प्रजेचा नव्हता. तरीही येथील स्मृतीत प्लेगकाळ जुलमाचा म्हणून उरला नाही. गाव सोडून शेतातील झोपड्यांत काढलेले दिवस असे त्याचे रूप आहे, आणि त्याच्या केंद्रस्थानी प्रजेची काळजी वाहणारा राजा आहे. म्हणजे पुण्यात डॉक्टरची जागा हुतात्म्याने घेतली, येथे राजाने. शाहूंविषयी कोल्हापूर ज्या कथा आवडीने सांगते त्याही स्पर्शाच्याच आहेत : गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराजांनी घेतलेला चहा ही त्यांतील सर्वांत लाडकी. साथ आणि अस्पृश्यता या दोन्ही गोष्टी 'लागण्या'च्या आहेत हे भाषेलाच ठाऊक असते. विटाळही लागतो आणि रोगही लागतो.

मंगळवार पेठेत राहणाऱ्याला साथीचे आणखी एक, याहून जुने कथन दरवर्षी आषाढात ऐकू येते. पेठापेठांतील तालमी आणि मंडळे पंचगंगेचे नवे पाणी कलशांत घेऊन 'पी-ढबाक'च्या गजरात त्र्यंबोलीच्या टेकडीकडे निघतात आणि ते पाणी देवीच्या पायऱ्यांवर ओततात. पावसाळ्यातील रोगराई टळावी ही त्यामागची धारणा. या कथनात रोग हा शोधून काढायचा गुन्हेगार नसून वेशीबाहेर राजी ठेवायची शक्ती आहे. मराठीने देवीच्या रोगाला 'देवी'च म्हटले आणि लस टोचण्याला 'देवी काढणे'. टोचणारा माणूस भाषेत आला तो देवीचा डॉक्टर होऊन, म्हणजे देवीच्याच परिवारात सामील होऊन. याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण व्यक्तिगत नायकाविना साथीची गोष्ट सांगता येते याचा हा जिवंत पुरावा आहे, आणि कथनमीमांसेने त्याची दखल घ्यायला हवी.

डॉक्टर हा साथीचा नायक म्हणून मराठी माणसाने अखेर उभा केला तो कादंबरीत नव्हे, चित्रपटात. आणि तोही याच कोल्हापूरच्या मातीतील माणसाने. व्ही. शांताराम यांची घडण बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत झाली, १९२९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह येथेच 'प्रभात'ची स्थापना केली आणि पुढे मुंबईत राजकमल कलामंदिर उभारून १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' पडद्यावर आणली. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर ती आधारलेली होती. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते. जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या सैनिकांवर त्यांनी उपचार केले, तेथेच विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे निधन झाले.

चित्रपट आणि चरित्र यांतील फरक आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. इतिहासातील कोटणीस हे प्रामुख्याने युद्धभूमीवरील शल्यचिकित्सक होते आणि त्यांचा मृत्यू अपस्माराच्या झटक्यांनी झाला. चित्रपटातील कोटणीस एका भयंकर साथीशी झुंजतात, तिच्यावर उपाय शोधतात आणि त्या रोगाची बाधा त्यांना मृत्यूच्या दिशेने नेते. हा बदल केवळ नाट्यमयतेसाठी केला असे म्हणून भागणार नाही. थरारकथेचा साचा येथे पूर्ण झाला आहे. साथ आहे, निदान आहे, निर्दय लष्करी सत्ता आहे आणि तिच्याविरुद्ध उभा असलेला हिंदी डॉक्टर आहे. मात्र त्यासाठी दोन अटी पुऱ्या कराव्या लागल्या. सत्ता जपानची असावी लागली, कारण युद्धकाळातील सेन्सॉर आणि कच्च्या फिल्मवरील नियंत्रण यांच्या छायेत आखलेल्या चित्रपटात ती ब्रिटिशांची असणे शक्य नव्हते. आणि रुग्ण परदेशी असावा लागला. चिनी सैनिकाला हात लावताना कोटणिसांच्या स्पर्शाला ना जात उरते, ना परक्या सरकारचा शिक्का. सोलापुरात किंवा पुण्यात हाच डॉक्टर कोणाच्या तरी घरात शिरताना दाखवला असता, तर प्रेक्षकाला त्याच्यामागे रँड यांच्या समितीची सावली दिसली असती. स्पर्शाचा प्रश्न सुटत नव्हता, म्हणून निदानाच्या कथेला देशाची सीमा ओलांडावी लागली.

तरीदेखील कथा संपताना मराठी कथनाने आपला हक्क सोडला नाही. रिये जिवंत राहतो आणि लिहितो. थरारकथेतला डॉक्टर बहुधा जगतो, कारण उलगडा सांगायला कोणीतरी लागते. शांताराम यांचा कोटणीस मात्र त्या साथीतून सहीसलामत बाहेर येत नाही. ज्याला हात लावला त्याचाच रोग त्याच्या अंगी येतो, जसा मुंढव्याच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगी आला होता. कोटणीस ज्या रुग्णालयाचे प्रमुख होते ते कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाचे होते, आणि बेथ्यून यांचा मृत्यू १९३९ साली शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन झाला होता. कोटणिसांसाठी जो मृत्यू पटकथेला रचावा लागला, त्याला इतका जवळचा दाखला त्यांच्या आधीच्या डॉक्टरच्या चरित्रात होता. कोटणिसांना प्रत्यक्षात आलेला अपस्माराचा मृत्यू मात्र पडद्यावरील नायकाला पुरेसा वाटला नाही.